चौथा पाय

“जयराजदादा, तुमचं वजन किती हो?”

प्रश्न माझा नव्हता. तो तेजू आणि अल्फियाचा होता. दोघी कोतवाल साहेबांच्या तबेल्याच्या फाटकाबाहेर ओढणीत तोंड खुपसून उभ्या होत्या. विचारलंस तर तुला मानलं, नाही विचारलंस तर दहावी संपेपर्यंत तुझं नाव शेपूट, अशी पैज लागली होती. आणि त्या महिन्यात मी एकही पैज सोडत नव्हते. मी नववीत होते, सहामाही संपून दिवाळीची सुट्टी लागली होती, आणि नुकतीच आंतरशालेय वादविवाद स्पर्धेत पहिली आले होते. जिभेला हाड आधीही नव्हतंच. आता तर असं वाटायला लागलं होतं की जिला मी प्रश्न विचारू शकत नाही अशी व्यक्ती पुण्यात जन्मलेलीच नाही.

जयराज सावे आमच्या तबेल्याचा मुख्य जॉकी. ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात अंगात दोन स्वेटर आणि वर रेनकोट घालून तो उलट्या बादलीवर बसला होता. रेसकोर्सला चार चकरा पळून आला होता. घाम हनुवटीवरून टपटप गळत होता. रविवारी त्याला त्रेपन्न किलोवर यायचं होतं आणि दोन दिवस त्याच्या पोटात काळी कॉफी नि अर्ध्या मोसंबीपलीकडे काही गेलेलं नव्हतं. हे सगळ्या तबेल्याला माहीत होतं. म्हणूनच सगळा तबेला त्याच्याशी फक्त हवापाण्याबद्दल बोलत होता.

त्यानं मान वर केली. “काय म्हणालीस?”

“वजन.”

फाटकाबाहेरून फिस्सकन आवाज आला.

“सुदाम!” जयराज ओरडला. “तुझी पोरगी आवर. नाहीतर मी आवरतो.”

सुदाम लोखरे म्हणजे माझे पप्पा. तबेल्यात सईस, घोड्यांची निगा राखणारे. ते खरारा हातात घेऊनच बाहेर आले. “वेदे, घरी जा.”

“अरे, जाऊ कशाला द्यायचं?” पलीकडे पाइपनं घोडा धूत असलेला मांगीलाल त्या घोड्यालाच म्हणाला. “सुबह सुबह टीव्ही चालू झाला. फुकटचा आहे, बघू दे.”

मांगीलाल हा दुसरा सईस, राजस्थानात नागौरकडचा. मला तो टीव्ही म्हणायचा. पप्पांना काहीच म्हणायचा नाही, कारण वर्षभर त्यांचं बोलणं बंद होतं. एकमेकांना निरोप द्यायचा झाला तर ते घोड्यांमार्फत द्यायचे. ‘ए घोडी, अपने सईस को बोल, बालटी हटा.’ आणि पप्पा त्याच्या घोड्याला सांगायचे, ‘बाबा, तुझ्या माणसाला डोळे आहेत का विचार.’

जयराज उठून माझ्यासमोर आला. उंचीला माझ्याएवढाच. “तुझं किती, ते सांग आधी.”

“एकेचाळीस,” मी म्हणाले. आणि तिथं थांबायचं होतं, पण नाही थांबले. “सकाळी दोन बटाटेवडे खाऊनसुद्धा.”

अल्फियानं शिट्टी मारली. जयराजचे डोळे लाल झाले. त्यानं नक्की काय केलं असतं सांगता येत नाही, कारण तेवढ्यात मागून कोतवाल साहेबांचा आवाज आला.

“एकेचाळीस? सुदाम, आपल्या बुट्टीवर बसते ती हीच की?”

बुट्टी म्हणजे तबेल्यातली म्हातारी बुटकी घोडी. बिचकणाऱ्या घोड्यांना सोबत म्हणून ठेवलेली. तिच्यावर मी सातवीपासून बसत होते.

“हीच, साहेब. पण ती आपली अशीच...”

“रोज घोडे फिरवतो त्या पक्याला डेंगू झाला. करलीला दुडकीवर फिरवायला माणूस नाय. जयराज हा असा, अर्धा मेलेला.” साहेब म्हणजे घोड्यांचे ट्रेनर, म्हातारे पारशी गृहस्थ, मराठी बोलताना वाक्य कधी मोडायचं नाही, फक्त थोडं वाकायचं. “बसव हिला. फक्त वाळूच्या गोलात. दोरी तू धर.”

हैबत जमादार, म्हणजे सगळ्या सईसांचे मुकादम, पुढे आले. “साहेब, रविवार तोंडावर आलाय. आणि बाईमाणूस घोडीच्या पाठीवर? आपल्या तबेल्यात असं कधी झालं नाही.”

“घोडीपण बाईमाणूसच आहे, हैबत,” साहेब म्हणाले. “तिला तू रोज चंदी घालते की नाय?”

करलीचं कागदावरचं नाव कोरल क्वीन. तबेल्यात ‘कोरल’चं करली झालं होतं. ती दोन वर्षांची असल्यापासून पप्पांकडे होती. दिसायला राणी, स्वभावानं कजाग. चावायची, लाथ मारायची, पप्पा सोडून कुणाच्या हातचं खायची नाही. त्या रविवारी पुण्याचा हंगाम संपत होता. नंतर घोडे मुंबईला जायचे. करली नीट पळाली तर तीही जाणार, नाहीतर मालक तिला विकून टाकणार, असा निरोप आला होता. आणि सईस मुंबईला जातो तो आपल्या घोड्याबरोबर. घोडा नाही, तर मुंबई नाही. घरात महिनाभर याशिवाय दुसरा विषय नव्हता.

मी चढले. करलीनं आधी माझा गुडघा चावायचा प्रयत्न केला. मग चालायला लागली.

पहिल्या दोन फेऱ्या मी फक्त फाटकाकडे बघत होते, तेजू मोबाइलवर व्हिडिओ नीट घेतेय ना म्हणून. तिसऱ्या फेरीला पप्पांनी दुडकी सुरू केली. दुडकीला एक ताल असतो. तो आधी बसणाऱ्याच्या कंबरेला कळतो, मग डोक्याला. करलीचा ताल अडत होता. डावा पुढचा पाय वाळूवर टेकला की तिची मान झटक्यानं वर जायची, खाली निखारा असल्यासारखी.

“पप्पा, ही लंगडतेय.”

“गप बस.”

“डाव्या पुढच्या पायावर. बघा ना, मान बघा तिची.”

“गप बस म्हटलं ना, वेदे!” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. साहेबांकडे पाहिलं. साहेब पाठ करून फोनवर बोलत होते.

“थांबवा तरी!”

“अजून एक फेरी. मग उतर आणि नीघ.”

मी व्यासपीठावरचा आवाज काढला. “साहेब! करली लंगडतेय!”

सगळा तबेला जमला. जयराज सगळ्यात आधी. “घोडी काय करणार? वर पोतं टाकलंय.”

“पोतं एकेचाळीस किलोचंच आहे,” मी म्हणाले.

जमादारांनी खाली बसून डाव्या पायाच्या नळीवरून, मागच्या शिरेवरून, अंगठा फिरवला. शीर दुखावली की तिथं आधी गरम लागतं, मग सूज दिसते. म्हणून सईस रोज पहाटे चंदीच्या आधी चारही पायांवर तळवा फिरवतात. पप्पांनी सकाळी फिरवला होता. काही बोलले नव्हते.

“काही नाही, साहेब,” जमादार म्हणाले. “दहा वाजलेत. ऊन पडलंय, सगळंच गरम आहे. माझं डोकं बघा, तेपण गरम आहे.”

“उद्या सकाळी सात वाजता डॉक्टर सोहोनी मॅडमला बोलावते मी,” साहेब म्हणाले. “तोपर्यंत त्या पायाला कोणी हात लावायचा नाय. लेप नाय, पट्टी नाय, काही नाय. समजलं? आणि पोरी, तू पण ये. बोलली आहेस तर समोर उभी राहा.”

फाटकाबाहेर तेजूनं मला मिठीच मारली. “वेडे, तू जॉकीला विचारायला गेलीस आणि घोडीच पकडून आलीस!”

रात्रीचं जेवण पप्पांनी भराभर उरकलं. ताट सारून उठले तेव्हा एवढंच म्हणाले, “उद्या तू येणार नाहीस.”

“साहेबांनी बोलावलंय.”

“ढाल काय मिळाली, मोठी घोड्याची डॉक्टर झाली!” आई म्हणाली. माझी आई शैला रेसकोर्सजवळच्या बागेच्या गेटाबाहेर लिंबूसरबताची गाडी लावते. जिभेला तीच आंबट चव असते. “तुझ्या एका शब्दावर माणसाची भाकरी जाते, कळतंय का?”

“घोडीचा पाय मोडला तर?”

“तुझी जीभ मोडली असती तर बरं झालं असतं,” पप्पा म्हणाले.

सकाळी पावणेसातला मी पोहोचले तेव्हा करली गोलाशेजारी बांधलेली होती. पप्पा नेहमीसारखे पहाटेच गेले होते. तिचे चारही पाय धुऊन पुसून लखलखीत. पप्पांनी माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

डॉक्टर सोहोनी मॅडम जीपमधून उतरल्या त्याच घाईत. मला वाटलं होतं, बाई आहेत, निदान माझं ऐकतील. त्यांनी डाव्या पायावर हात ठेवला, वर-खाली फिरवला, शीर चिमटीत धरून दाबली.

“गार आहे. सूज नाही. दाबल्यावर पाय काढत नाही. पळवून दाखवा.”

पप्पांनी दोरी धरून करलीला वाळूवर पळवलं. मान स्थिर. ताल घड्याळासारखा.

“साफ आहे,” मॅडम म्हणाल्या. “कोण म्हणालं लंगडते?”

सगळ्यांनी माझ्याकडे बोट करायची गरज नव्हती, पण सगळ्यांनी केलं.

“कितवीत आहेस तू?”

“नववीत.”

“मग नववीचा अभ्यास कर.”

लोक हसले. मांगीलालचं हसणं सगळ्यात मोठं होतं. “टीव्ही का सिग्नल गया!” जयराज माझ्या अगदी जवळ येऊन हळूच म्हणाला, “आता विचार ना वजन. विचार.” साहेब काठीच्या मुठीकडे बघत होते. जमादार म्हणाले, “सुदाम, तुझी पोरगी आहे म्हणून सोडतो. दुसऱ्या कुणाची असती तर फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नसतं.”

“चुकलं तिचं,” पप्पा म्हणाले. “लहान आहे.”

ते ‘लहान आहे’ मला सगळ्यात जास्त लागलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी खाली बसले. करलीच्या पायाशी. तिनं लगेच माझ्या खांद्याला दात लावले. मी तिथंच बसून राहिले. काहीतरी करायचं म्हणून तिच्या उजव्या मागच्या पायावर हात ठेवला. गरम. रात्रभर हवा हललीच नव्हती, कोवळं ऊनसुद्धा चटके देत होतं. डावा मागचा पाय, गरम. पुढचा उजवा, गरम, तव्यावरून उतरवून दुरडीत ठेवलेल्या भाकरीसारखा. मग चौथा. डावा पुढचा.

माठ. नुसता माठ. केसांच्या मुळाशी हात घातला तर बोटांना झिणझिण्या आल्या.

मी उठून उभी राहिले. मॅडम जीपमध्ये बसत होत्या.

“मॅडम, एक मिनिट! तीन पाय उन्हात आणि एक पाय फ्रीजमध्ये, असं कसं?”

“काय?”

“तुम्ही एकच पाय पाहिलात. बाकीचे तीन बघा ना. गरम आहेत, कारण हवाच गरम आहे. मग दुखरा पाय तेवढा गार कसा?”

“वेदे!” पप्पांनी माझा दंड धरला. असा धरला की दोन दिवस तिथं चार बोटं उमटलेली होती. “घरी चल.”

“सोड तिला,” साहेब म्हणाले.

मॅडम परत आल्या. या वेळी घाई नव्हती. त्यांनी चारही पाय तपासले, एकदा, मग पुन्हा. डाव्या पायापाशी आल्यावर हातातली किल्ली त्यांनी खिशात टाकली.

“साहेब, हिला सावलीत उभी करा. मी थांबते तासभर. आणि घोडीजवळ माझ्याशिवाय कोणी उभं राहायचं नाही.”

आठ वाजून गेल्यावर मॅडमनी पुन्हा हात लावला आणि मग माझा हात धरून तिथं ठेवला. शीर तापली होती. आतून काहीतरी ठणकत असल्यासारखी. पळवल्यावर तिसऱ्याच पावलाला करलीची मान वर गेली. कालपेक्षा जास्त.

“पायाला बर्फ लावलाय,” मॅडम म्हणाल्या. “दोन-तीन तास तरी. बधिर झाला म्हणून सरळ पळाली. रविवारी अशीच बधिर करून उतरवली असती तर शेवटच्या वळणावर शीर तुटली असती. घोडी गेली असती आणि वरचा माणूसही.”

वरच्या माणसानं, म्हणजे जयराजनं, घाम पुसला आणि कुणाकडेच पाहिलं नाही. मग माझ्यापाशी येऊन म्हणाला, “मला वाचवलंस असं समजू नकोस. मला उपकार चालत नाहीत.”

“मी घोडीसाठी बोलले,” मी म्हणाले.

साहेबांचा आवाज कधी चढत नाही. तेव्हाही नाही चढला. “मी काल बोलले होते, पायाला हात लावायचा नाय. कोणी लावला?”

पाण्याचा नळ ठिबकत होता. पप्पा करलीच्या मानेशी उभे होते, तिच्या आयाळीत बोटं घालून.

“साहेब,” जमादार म्हणाले, “पहाटे नळावर मांगीलाल होता. मी पाहिलं. त्याचं नि सुदामचं वैर सगळ्यांना ठाऊक आहे. घोडी शर्यतीत मोडली की सुदाम घरी बसला.”

“झूठ!” मांगीलालच्या हातातून पाइप पडला. “साहेब, माँ कसम, मी घोडीला शिवलो नाय. सुदाम, तू बोल ना! बोल ना, यार!”

वर्षभरात पहिल्यांदा तो पप्पांशी सरळ बोलला होता.

पप्पांनी आयाळीतली बोटं आवळली.

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. “मांगीलाल, सामान आवर. आज संध्याकाळी गाडी पकड.”

मी बाहेर पडताना तो खोलीच्या दारात बसून पत्र्याच्या ट्रंकेत कपडे कोंबत होता. मला पाहून थांबला.

“खूश?”

“मी काय केलं? जमादार काकांनी तुम्हाला पाहिलं.”

“जमादारने मुझे नहीं देखा. किसको देखा, जाकर उससे पूछ.” त्यानं ट्रंकेचं झाकण दाबलं, ते बसेना. “तुझ्या बापाशी भांडण आहे माझं. त्याच्या घोडीशी नाय. घोडीशी कोण भांडतो?”

“जाताना नळ नीट बंद करा,” मी म्हणाले. “रोज ठिबकतो.”

हे वाक्य मला त्या वेळी फार हजरजबाबी वाटलं होतं.

तेजू आणि अल्फिया कोपऱ्यावरच उभ्या होत्या. मी सगळं अभिनयासकट सांगितलं. जमादारांचा चेहरा केला, मॅडमची किल्ली केली, आणि ‘तीन पाय उन्हात आणि एक फ्रीजमध्ये’ हे तीनदा म्हणून दाखवलं. तेजू रस्त्यावरच नाचली. तिनं वडापाव खिलवले, अल्फियानं जाहीर केलं की आजपासून माझं नाव इन्स्पेक्टर. मग मी म्हणाले, चला, आता आईकडे फुकट सरबत.

गाडीपाशी एक काका ग्लास परत करत होते. “अहो, कोमट आहे हे! कोमट सरबत कोण पितं ऑक्टोबरात?”

“आज बर्फ नाही, दादा. बर्फवाला आलाच नाही,” आई म्हणाली. मला पाहून तिनं लगेच लिंबं कापायला घेतली.

“काकू, आला होता की,” अल्फिया म्हणाली. अल्फियाच्या अब्बांचं मासळीचं दुकान, दोन्हीकडे बर्फ देणारा माणूस एकच. तिच्या मनात काही नव्हतं, ती आपली हसत हसत सांगत होती. “अब्बा सकाळी कसले चिडले होते! म्हणे, तुमच्या गाडीच्या दोन्ही लाद्या लोखरे काका भल्या पहाटे स्वतः घेऊन गेले, वर आमच्यातली अर्धी पण मागितली. पापलेटांना बर्फच उरला नाही.”

आईची सुरी लिंबात अर्ध्यावर थांबली.

तेजू अजून हसत होती. मग तीही थांबली, कारण मी हसत नव्हते.

“आई?”

“घरी जा, वेदिका.” आई मला वेदिका कधीच म्हणत नाही.

“तू दिलास बर्फ?”

“गिऱ्हाईक आहे. घरी जा म्हणते ना.”

मी घरी गेले नाही. रेसकोर्सच्या कुंपणाकडेनं चालत राहिले. त्या दोघी थोडा वेळ मागे मागे आल्या, मग कुठंतरी थांबल्या. कुंपणापलीकडे गवत पाण्यानं हिरवंगार होतं, कुणीतरी पांढरे खांब रंगवत होतं. माझ्या डोक्यात एकच होतं. ‘सुदाम, तू बोल ना.’ आणि आयाळीतली ती बोटं. मी ती बोटं पाहिली होती. पांढरी पडली होती, शेवटच्या पेरापर्यंत. मला वाटलं होतं, राग गिळतायत.

सईसांच्या खोल्यांच्या रांगेत आमची शेवटून दुसरी. मी पोहोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. पप्पा चटईवर भिंतीला टेकून बसले होते. आईही गाडी बंद करून आली होती.

“तुम्ही लावलात बर्फ,” मी म्हणाले.

मला वाटलं होतं, ओरडतील. मी त्याची तयारी करून आले होते.

“हो,” पप्पा म्हणाले. “चारला लावला, साडेसहाला काढला. आता झालं तुझं समाधान?”

“कधीपासून माहीत होतं?”

“मंगळवारपासून.”

“आणि जमादार काकांना?”

“त्यानंच सांगितलं, एवढा एक रविवार काढ. शर्यत झाली की मी स्वतः साहेबांना सांगणार होतो. विश्रांती मिळाली असती तिला. मुंबईला गेली असती. आता विकतील. कुठल्यातरी लग्नाच्या वरातीत नाचवतील तिला तसल्या पायावर. हे केलंस तू.”

“पप्पा, शीर तुटली असती! जयराज मेला असता!”

“कालपर्यंत त्याची टिंगल करत होतीस. आज त्याचा पुळका आला?”

मीच आधी नजर खाली वळवली. वादविवादात असं कधी झालं नव्हतं.

“त्या घोडीला मी वाढवलंय,” ते म्हणाले. आता आवाज चढला होता. “तुला नाही, एवढं तिला हातानं भरवलंय. मला कळत नाही तिचा पाय? तू एक फेरी मारलीस आणि सगळ्या तबेल्यासमोर बापाला उघडं पाडलंस.”

“मी तुम्हाला नाही पाडलं. मला माहीतच नव्हतं. मी मांगीलालला पाडलं.”

बाहेरून ट्रंक फरशीवरून ओढल्याचा आवाज येत होता.

“त्याचं तू नको सांगूस,” आई म्हणाली. “वर्षभर त्यानं ह्यांना सुखानं घास खाऊ दिला नाही. तुलाही काय काय बोलतो. जाऊ दे नागौरला. घर आहे त्याला तिथं. आपल्याला हीच एक खोली आहे, वेदे. साहेबांना कळलं ना, की संध्याकाळी ट्रंक आपली.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे तर मग?”

“त्यानं काही केलेलं नाही, आई.”

“तुला आवडतो का तो?” पप्पांनी विचारलं. “खरं सांग. आवडतो तुला तो माणूस?”

“नाही. जराही नाही आवडत.”

“मग तोंड बंद ठेव. एकदा तरी. एवढं एकदा, बापासाठी.” ते उठून माझ्यासमोर आले. मला वाटलं, मारतील. त्यांनी हात जोडले. माझ्या पप्पांनी, माझ्यासमोर. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी भिंतीला हात लावला आणि व्यासपीठावरचा नाही, साधा, घरातला आवाज काढला.

“साहेब चार वाजता संध्याकाळची चंदी बघायला येतात. मांगीलालची गाडी सहाची आहे. त्याच्या आधी मी साहेबांना सांगणार आहे. तुम्ही बरोबर आलात तर तुम्ही सांगा, मी एक शब्द बोलणार नाही, मागे उभी राहीन. नाही आलात तर मी सांगेन. मी पावणेचारला निघते.”